निम्मेसर

निम्मेसरांनी उभ्या आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळे पुढेपुढे त्यांच्या 'हो'लाही फारसा भाव राहिला नव्हता. कॉलेजात त्यांच्या खोलीवर 'शारीरिक शिक्षण संचालक' अशी पाटी होती. पण सोलापूरच्या उन्हात एवढं लांब बोलायला तोंड उघडलं तर धूळच आत जायची, म्हणून शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना जिमखान्याचे सर म्हणत. निम्मेसर हे नाव आम्हा पोरांचं. त्यांना ते ठाऊक होतं. त्यावर ते एकदाच बोलले, "म्हणा की. पण सगळ्यांनी नको. निम्म्यांनी म्हणा."

नाव पडलं ते केळ्यांवरून. सरावानंतर पोरांना खायला द्यायचं म्हणून ऑफिसातून पैसे मिळत ते डझनभर केळ्यांचे, आणि पोरं बावीस-चोवीस. दुसरा कुणी असता तर त्यानं अकरा जणांना अख्खं केळं देऊन बाकीच्यांना नळ दाखवला असता. सरांनी खिशातून चाकू काढला. आठवड्याभरात तक्रार आली, की देठाकडच्या तुकड्यात साल जास्त आणि गर कमी येतो. झालं! जिमखान्यात एक दोनशे पानी वही आली. डाव्या बाजूला 'देठ', उजव्या बाजूला 'बूड'. काल ज्याला देठ, त्याला आज बूड. ही वही मी सांभाळायचो. मला बॅटिंग येत नव्हती, बोलिंग येत नव्हती आणि अक्षर बरं होतं. याच तीन गुणांवर मी संघाचा स्कोअररही होतो.

सरांचं घर भवानी पेठेत. वडिलांच्या मागे दोघा भावांत वाटणी झाली तेव्हा मधली भिंत नेमकी रस्त्यावरच्या खिडकीच्या मध्यावर येत होती. गवंडी म्हणाला, भिंत फूटभर इकडं सरकवू, नाहीतर तिकडं. पण इकडं सरकवली तर दादा दुखावणार, तिकडं सरकवली तर घरात बायको. सरांनी भिंत आहे तिथंच बांधायला लावली. ती खिडकीच्या मधल्या गजाला येऊन टेकली. डावं दार दादांचं, उजवं सरांचं. दादांनी आपलं हिरवं रंगवलं, सरांनी निळं. मी प्रथम त्यांच्या घरी गेलो तेव्हा बाहेरून बघून मला वाटलं, रंग संपला असावा. सर अभिमानानं म्हणाले, "वीस वर्षं झाली, खिडकीवरून शब्द नाही." घरात शिरल्यावर कळलं की शब्दच नाही. कशावरूनच. दोन्ही घरांत बोलणं बंद होतं.

हा निम्म्याचा सिद्धान्त सरांना मिलनं शिकवला होता. १८७७ साली जुनी मिल निघाली तेव्हापासून सोलापूरचं घड्याळ म्हणजे मिलचा भोंगा, आणि सरांचे वडील पुढे लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये विणकामाला. पहिल्या पाळीचा माणूस बाजूला झाला की दुसऱ्या पाळीचा त्याच मागासमोर उभा, त्याच्यामागून रातपाळीचा. सर आम्हाला ग्राउंडवर बसवून सांगायचे, "एक माग, तीन पाळ्या, तीन माणसं. कापड थांबलं का? सांगा की बे, थांबलं का?" आम्ही म्हणायचो, नाही सर. वडील मात्र रोज घरी आल्यावर हात धुता धुता आधीच्या पाळीवाल्याला शिव्या घालायचे, हेही सरांनीच एकदा सांगितलं होतं. ते त्यांनी गंमत म्हणून सांगितलं.

अशा माणसाच्या पदरात देवानं एकाच वर्षी दोन विकेटकीपर टाकले.

सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते २००४ साली. ही त्याच्या थोडी आधीची हकिगत. तेव्हा आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात. आपल्या झोनमध्ये जिंकलं की पुढचे सामने खेळायला बाहेर जायला मिळायचं. कोल्हापूरला जाणं हे आमच्या संघाचं स्वप्न होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात क्रिकेट थोडं आणि तांबडा-पांढरा रस्सा जास्त होता.

दोघांपैकी एक पूर्व भागातला. रात्री चादरीच्या कारखान्यात काम करून सकाळी नेटला यायचा. त्याला आम्ही गोंद म्हणायचो. चेंडू त्याच्या ग्लोव्हजमध्ये शिरताना आवाजच होत नसे. बाकीचे कीपर चेंडू पकडतात. हा चेंडूला नुसता थांबवून घ्यायचा, आणि फलंदाजाचा पाय रेषेवरून उचलतोय न उचलतोय तोवर बेल खाली. तुटलेला धागा चालू मागावर चिमटीत धरून गाठ मारायची सवय असलेली बोटं ती. मॅटिंगवर आमचा ऑफस्पिनर हातभर चेंडू वळवायचा, तेव्हा हा यष्टीला नाक लावून बसायचा. बॅटिंग मात्र अशी, की तो अकरावा म्हणून पॅड बांधायला लागला की मैदानावरचे मामा रोलर काढायला उठत.

दुसरा होटगी रोडचा. याच्याकडे स्वतःचं किट, स्वतःची स्कूटर आणि डब्यात आईच्या हातचे धपाटे, वर शेंगाचटणी. त्याचं नाव धपाटे पडलं ते अर्थात डब्यामुळे. पण सलामीला जाऊन पहिल्याच षटकात गोलंदाजाला जे द्यायचा त्यालाही तेच नाव शोभायचं. ग्लोव्हज मात्र त्याच्या हातात नुसते असायचे. चेंडू यायचा आणि पाहुण्यानं कडी वाजवून दारातूनच परत फिरावं तसा परत जायचा.

यात कोडं कसलं? गोंदानं कीपिंग करावं, धपाटेनं बॅटिंग करावी, दोघंही संघात. शाळकरी पोरानंही एवढं सांगितलं असतं. पण धपाटे सरांकडे जाऊन म्हणाला, "सर, मला कीपर म्हणूनच पुढं जायचंय. जिल्ह्याच्या निवडीला नुसता बॅट्समन म्हटलं की छप्पन्न असतात." सरांनी मान हलवली. मग गोंद आला. तो काहीच बोलला नाही. नुसता दारात उभा राहिला. बोलणाऱ्याची समजूत घालता येते. न बोलणारा माणूस समोर उभा राहिला की सरांना घाम फुटायचा. त्यांनी त्याच्याकडे बघूनही मान हलवली.

त्या दोन माना हलल्या आणि आमचा सीझन पांगळा झाला.

सरांपाशी दाखले तयार होते. तरुणपणी रेडिओला कान लावून ऐकलेलं सगळं क्रिकेट त्यांना पाठ. "साठीच्या दशकात आपल्याकडं इंजिनिअर आणि कुंदेरन, दोन कीपर. कधी हा, कधी तो. कुंदेरननं चौसष्ट साली मद्रासला इंग्लंडला धुतलं, एकशे ब्याण्णव. इंजिनिअरनं सदुसष्ट साली त्याच मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध जेवणाआधी चौऱ्याण्णव. दोघं चांगले असले तर दोघांना खेळवायचं! बर्मिंगहॅमला तर एकाच कसोटीत दोघं होते." हे खरं आहे. १९६७च्या त्या कसोटीत इंजिनिअर यष्टीमागे होता, आणि संघात चार फिरकीवाले घेतल्यामुळे नवा चेंडू कुणी टाकायचा असा प्रश्न पडून तो कुंदेरनच्या हातात दिला गेला. कप्तान पतौडीनं त्याला विचारलं म्हणे, की तू टाकतोस तरी काय, आणि त्यालाही ते सांगता येईना. आमचा कप्तान हळूच म्हणाला, "सर, ती कसोटी आपण हरलो." सर म्हणाले, "हरलो की. पण दोघंही हरले. एकाला वाईट वाटलं नाही."

सुरुवात सामन्याआड वाटणीनं झाली. एक सामना गोंदाचा, एक धपाटेचा. दुसऱ्याच फेरीत गोंदाच्या पाळीला समोरचा संघ आलाच नाही. आम्हाला पुढे चाल मिळाली. आता गोंदाची पाळी झाली की राहिली? सर दोन दिवस जेवले नाहीत असं मामा सांगत. निकाल लागला तो असा, की पाळी निम्मी झाली, निम्मी राहिली. सबब पुढच्या सामन्यात चाळीसपैकी पहिली वीस षटकं गोंद, पाण्याच्या वेळेनंतर धपाटे.

ही दुसरी पद्धत सरांना इतकी आवडली, की तीच कायम झाली. पाण्याची बादली मैदानात आली, की दोघं खेळपट्टीच्या कडेला मांडी घालून समोरासमोर बसायचे. एक पॅड सोडतोय, दुसरा बांधतोय. कॉलेजचे ग्लोव्हज एकच जोड, तेही गोंदाच्या घामानं चिंब. धपाटे ते दोन बोटांत धरून झटकायचा. स्वतःचे असूनही त्याला कॉलेजचे घालावे लागत, कारण एकाला चांगले आणि एकाला फाटके हे सरांच्या तत्त्वात बसत नव्हतं. पंच घड्याळ बघायचे. आमचे बाकीचे नऊ जण बादलीभोवती उभे राहून समोरच्या फलंदाजाशी गप्पा मारायचे. तोपर्यंत तो आमच्यातल्या निम्म्या पोरांच्या ओळखीचा झालेला असायचा, आणि मग त्याला बाद करायचं जिवावर यायचं.

फिरकी दुसऱ्या वीस षटकांत चालायची. म्हणजे धपाटेच्या पाळीला. ऑफस्पिनर रडकुंडीला आला. "सर, माझी बोलिंग गोंदाच्या पाळीत टाकू द्या की. ह्याच्या पाळीत फलंदाज चुकतोय, चेंडू त्याला चुकवतोय आणि ह्यालाबी." सरांनी त्याचंही ऐकलं. त्याची आठ षटकं निम्मी केली. चार गोंदाला, चार धपाटेला. त्याचे बळीही बरोबर निम्मे झाले.

माझ्या वहीत नवे रकाने पडले: झेल, यष्टिचीत, बाइज. रोज संध्याकाळी सर ते बघायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे. बाइजची त्यांना काळजी नव्हती. काळजी होती ती गोंदाला दोन झेल आले आणि धपाटेला एकही नाही याची. "त्याच्या पाळीला बॅटची कड लागत नाही, त्याला ते पोरगं काय करणार?" असं म्हणून ते आमच्या गोलंदाजांकडे अशा नजरेनं बघत, की कड ही वस्तू गोलंदाजानं घरून आणायची असते.

मैदानावरचे मामा सिद्धेश्वरांचे जुने भक्त. दर संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मागं चालायचे. सर एकदा त्यांनाच साक्षीला काढायला गेले. "मामा, नंदीध्वजाची काठी एकटा माणूस पेलतो का? पेलणारे बदलतात की नाही? एकानंच पेलली तर कंबर राहील का?" मामा पाण्याची नळी घेऊन मॅटिंगच्या कडेला उभे होते. नळी बंद न करताच म्हणाले, "बदलत्यात की सर. पण काठी निम्मी ह्याच्या कंबरेला, निम्मी त्याच्या, असं कुठं बघितलाव?" सर म्हणाले, मामा, तुम्हाला खेळातलं कळत नाही. हे त्यांच्या तोंडून निघालेलं त्या वर्षातलं सगळ्यात कठोर वाक्य. त्याचं त्यांना इतकं वाईट वाटलं, की दुसऱ्या दिवशी मामांना केळ्याचा तुकडा मिळाला. बुडाकडचा.

जिमखान्याच्या भिंतीवर पॉली उम्रीगरचा फोटो होता, वर्तमानपत्रातून कापून काचेत बसवलेला. उम्रीगर १९२६ साली सोलापुरात जन्मला, ही गोष्ट सर नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगत. भारताकडून कसोटीतलं पहिलं द्विशतक त्याचं, हे दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी सांगण्यासारखं जे होतं ते मात्र सरांनी कधी सांगितलं नाही, मला ते पुढे वाचून कळलं. १९५८-५९ साली वेस्ट इंडीजचा संघ इथं आला तेव्हा पाच कसोट्यांत आपण चार कप्तान केले. उम्रीगर, गुलाम अहमद, मांकड, अधिकारी. त्यातला उम्रीगर मद्रास कसोटीच्या तोंडावर कप्तानपद सोडून मोकळा झाला, कारण संघातल्या एका जागेवर कोण खेळणार यावरून बोर्डाच्या अध्यक्षांशी त्याचं पटेना. एका जागेसाठी कप्तानपद! त्या फोटोखालच्या खुर्चीवर सर बारा महिने बसत, आणि एका जागेसाठी दोघांना चहा पाजत.

उपांत्य सामना पार्क मैदानावर होता. आदल्या रात्री कप्तान सरांच्या घरी गेला. निळ्या दाराच्या खिडकीत बसून त्यानं हात जोडले, की सर, उद्या तरी फिरकीला गोंद ठेवा. सरांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच. मग उघडले ते चमकत. "एन्ड वाटू," ते म्हणाले.

म्हणजे असं: चौपाटीच्या बाजूनं फिरकी, पलीकडून मध्यमगती. फिरकीच्या षटकाला गोंद कीपर, दुसऱ्या षटकाला धपाटे. षटकागणिक अदलाबदल! कप्तानाला वाटलं, सर थट्टा करतायत. सरांनी आयुष्यात थट्टा केली नव्हती. पॅड बांधण्यात वेळ जाऊ नये म्हणून दोघांनीही पॅड बांधूनच मैदानात उतरायचं. षटक संपलं की फक्त ग्लोव्हज द्यायचे-घ्यायचे.

पंच होते बँकेतले एक गृहस्थ. २००० साली क्रिकेटचे नियम नव्यानं लिहिले गेले, त्याचं पुस्तक त्यांच्या मागच्या खिशात असायचं आणि बसताना ते खिशातून काढून मांडीवर ठेवायचे. विकेटकीपरखेरीज क्षेत्ररक्षणातल्या कुणालाही बाहेरून पॅड किंवा ग्लोव्हज घालता येत नाहीत, हे त्यात आहे. पहिली काही षटकं निभावली, कारण धपाटे फिरकीच्या षटकाला पार सीमारेषेवर, गर्दीत मिसळून उभा होता. तिथं पांढऱ्या पँटवर पांढरे पॅड चटकन दिसले नसावेत. मग फलंदाज कट मारायला लागला. कप्तानानं विचार न करता हाक मारली, "धपाट्या, पॉइंटला ये बे."

पुढचाच चेंडू पॉइंटला गेला. सरळ, जमिनीवरून, पोटातल्या पोराला अडवता येईल असा. धपाटेनं कीपरच्या सवयीनं दोन्ही पॅड जुळवले आणि चेंडू अडवला. कीपर म्हणून सीझनभरात त्यानं एवढं सफाईदार काही केलं नव्हतं.

पंचांनी चेंडू मृत ठरवला आणि उजव्या हातानं स्वतःच्या डाव्या खांद्यावर थापट्या मारायला लागले. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. मला वाटलं, गृहस्थ स्वतःलाच शाबासकी देतायत. शेजारी समोरच्या संघाचा स्कोअरर होता, त्यानं सांगितलं: बेकायदा क्षेत्ररक्षण, दंडाच्या पाच धावा. पुढे २०२२ साली मुलतानला बाबर आझमनं गंमतीगंमतीत कीपरचा एक ग्लोव्ह हातात घालून चेंडू अडवला आणि पाकिस्तानला याच पाच धावांचा दंड बसला, तेव्हा सगळ्या जगाला हा नियम कळला. पार्क मैदानाला तो वीस वर्षं आधीच कळला होता.

मी पाच धावा अवांतरात मांडतोय तोच सर माझ्या टेबलाशी. हातात आमची खासगी वही. "ही पाच कुणाच्या रकान्यात?"

मी म्हटलं, "सर, पॅड धपाटेचे."

"पण ग्लोव्हज त्या वेळी गोंदाकडं होते की. कीपर तो होता. ग्लोव्हज ह्याच्याकडं असते तर पॅड चालले असते. म्हणजे दोघांचं." त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "अडीच-अडीच टाक."

"सर, अर्धी धाव नसते."

सर थांबले. वहीकडे बघत राहिले. पाच ही संख्या त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होती. शेवटी म्हणाले, "मग याला दोन, त्याला दोन, आणि एक माझ्या नावावर टाक." त्या वहीत अजूनही तसंच आहे. झेल, यष्टिचीत, बाइज, आणि सगळ्यात खाली कोपऱ्यात 'सर – १'.

समोरचे शेवटची जोडी खेळत असताना जिंकले. त्या पाच नसत्या तर, वगैरे गणित पोरांचं पुरतं करून झालं होतं. सरांनी पार्क चौपाटीवर सगळ्यांना भजी घेतली. गोंद आणि धपाटे एका बाकावर बसले होते. सीझनभर एकमेकांशी पॅडच्या बक्कलापलीकडे न बोललेले ते दोघं मान जवळ घेऊन काहीतरी कुजबुजत होते. मी कान दिला. दोघांचं ठाम एकमत झालं होतं, की सगळा सत्यानाश सरांनी केला. सर लांबून बघत होते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघितलास? मिटलं भांडण. दोघं एक झाले." चेहऱ्यावर समाधान असं, की कोल्हापूर काय, लॉर्ड्स हुकलं असतं तरी त्यांना चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं तेव्हा मात्र सरांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. कप्तानाला वाचवायला ते म्हणाले, योजना माझी. ते खरंच होतं म्हणा. पण खरं बोलूनही माणूस थोडं पुढं-मागं करतो. सरांनी केलं नाही. प्राचार्यांनी झापलं ते त्यांनी अख्खं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर केळी कापायला बसले.

धपाटे पुढे इंजिनिअर होऊन अमेरिकेत गेला. गोंदाचे आता टॉवेलचे माग आहेत, दोन पाळ्यांत चालणारे, आणि पाळी बदलताना तो स्वतः मागाजवळ उभा असतो असं ऐकतो. धपाटेचे सरांना अधूनमधून फोन यायचे. त्यानं एकदा सांगितलं, तिकडं कॉलेजांच्या फुटबॉलचं वेड भयंकर. तो फुटबॉल पायानं कमी आणि हातानं जास्त खेळतात, आणि सगळा खेळ क्वार्टरबॅक नावाच्या एका गड्याच्या हातात असतो. संघात तसे दोन तोलामोलाचे असले की तिकडंही गावच्या गावं भांडतात. २००६च्या सीझनला फ्लोरिडाच्या विद्यापीठानं दोघंही वापरले, ख्रिस लीक आणि टिम टीबो, आणि अंतिम सामन्यात ओहायो स्टेटला ४१-१४ असं लोळवून देशात पहिले आले.

सरांनी त्याच संध्याकाळी मला फोन केला. "फ्लोरिडा! ऐकलास का? फ्लोरिडा!" मी धपाटेला विचारून घेतलं. तिथं निम्मं-निम्मं काही नव्हतं. लीक अनुभवी, खेळ बहुतेक तोच चालवायचा. टीबो पहिल्या वर्षाचा पण रेड्यासारखा ताकदवान, म्हणून दोन-चार हात जागेसाठी धडक मारायची वेळ आली की त्याला आत सोडायचे. कुणाला कधी आणि कशाला, हे प्रशिक्षकानं ठरवलेलं. मी हे सगळं सरांना नीट सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे दोघंही खेळले ना?" मी म्हटलं, हो. "मग?"

आपल्याच भारतीय संघानं पुढे कसोटीतल्या कीपिंगची साहा मायदेशी, पंत परदेशी अशी वाटणी केली तेव्हाही सरांचा फोन आला होता. डिसेंबर २०२० मध्ये परदेशात असूनही अॅडलेडला साहाला खेळवलं. तिथं आपला डाव छत्तीसवर आटोपला, पुढच्या कसोटीला पंत आला आणि तोच राहिला. त्या विषयावर मग फोन आला नाही.

सर त्याआधीच निवृत्त झाले होते. त्यांची जागा कायम भरायला परवानगी मिळेना, तेव्हा कॉलेजनं दोन तरुण मानधनावर घेतले. सोमवार ते बुधवार हा, गुरुवार ते शनिवार तो. हे ऐकून निम्मेसर प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरले ते दार न वाजवता. बाहेर आम्ही तिघं-चौघं जुने विद्यार्थी निरोपसमारंभाचे हार घेऊन उभे. आतून आवाज येत होता, जन्मात न ऐकलेला.

"एका मैदानाला दोन माणसं? पोरांनी ऐकायचं कुणाचं? बुधवारी शिकवलेलं गुरुवारी पुसणार का? अहो, कुणीतरी एक ठरवा की!"

प्राचार्य नवीन होते, मवाळ होते. म्हणाले, "सर, दोघंही चांगले आहेत हो. उगाच कुणाला दुखवायचं?"

आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. सर बाहेर आले तेव्हा ते दोघं तरुण व्हरांड्यात अवघडून उभे होते. सरांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. गळ्यातली शिट्टी काढली. तिची गाठ सोडायला जरा वेळ लागला, घामानं आवळली होती. शिट्टी एकाच्या हातात दिली, दोरी दुसऱ्याच्या. जायला निघाले, चार पावलं गेले आणि मागे वळून म्हणाले,

"एक तारखेला बदला."